भोपळ्याखालची माती

पुढे सरका, पुढे. भिंतीला टेकून बसलात तर ऐकू येईल, पण आत उतरणार नाही. ज्यांना जांभया द्यायच्या असतील त्यांनी आत्ताच देऊन घ्या, मध्ये चालणार नाही. आज मी तुम्हाला पाण्याची कथा सांगणार आहे. घाण पाण्याची नव्हे, स्वच्छ पाण्याची. इतके स्वच्छ, की त्या स्वच्छतेपायी एक अख्खे गाव वाहून जायचे, ते एका बाईच्या कटकटीमुळे राहिले.

आधी नमन देवाला, ज्याने पाणी केले आणि त्याला उतार दिला. मग नमन माझ्या सासूबाईंना, ज्यांनी मला उभा जन्म जेरीस आणले. ही दोन्ही नमने मी एका दमात करते, आणि देव त्यावर रागावल्याचे अजून तरी दिसलेले नाही. गाऊन कथा सांगणाऱ्या बुवांपुढे बसून बसून मला ही सवय लागली आहे: आधी नमन, मग माणसे, मग कथा. तेव्हा माणसे सांगते.

सासूबाईंना मी आत्या म्हणे. पुढे सगळा गावच म्हणू लागला. आमचे घर धरणाच्या अगदी पायथ्याशी होते, आणि घराला लागून आमचे धुलाईघर. धरण मातीचे, जुने. ते बांधणारी माणसे केव्हाच देवाघरी गेली होती. त्याच्या अंगावर इतके गवत वाढले होते, की नवखा माणूस त्याला टेकडीच समजे. टेकडीच्या पलीकडे तलाव, अलीकडे आम्ही, आमच्या खाली उतारावर गाव, आणि गावाच्या चहूबाजूंनी फळबागा. तलावातले पाणी कालव्याने त्या बागांना जाई.

सासरे धरणाचे रखवालदार. त्यांना मी मामा म्हणे. दरवाजा उघडणे, झुडपे तोडणे, उंदरांची बिळे बुजवणे ही त्यांची कामे, आणि शिवाय पाझर मोजणे. मातीच्या धरणातून थोडे पाणी पाझरतेच. आमच्याकडे ते पायथ्याच्या दगडांखालून बाहेर येई आणि चरातून पुढे वाहत जाई. चरात एक पत्रा आडवा बसवला होता आणि त्याला खाच पाडली होती. त्या खाचेतून किती पाणी जाते ते मामा रोज बघत. वरून कुणी विचारले, "काय, कसं काय?" की मामांचे उत्तर ठरलेले: "ठीक आहे साहेब." धरण ठीक, दरवाजा ठीक, पाझर ठीक. एकदा त्यांना विंचू चावला तेव्हाही ते ठीक आहे म्हणाले होते. गावात त्यांचे नावच पडले, ठीकठाक.

आणि आत्यांना काहीच ठीक वाटत नसे. ऊन पडले तर चादरी कडक होतात, ढग आले तर वाळत नाहीत. साबणाला फेस नाही, दोरीला ताण नाही, सुनेला अक्कल नाही. प्रार्थनेला हात जोडले तरी पहिले वाक्य, "देवा, बघतोयस ना?" म्हणजे तक्रारच. आणि प्रत्येक तक्रारीचा शेवट एकच: "पण माझं मेलीचं ऐकतंय कोण!" मी लग्न होऊन आले तेव्हा पहिले काही महिने ऐकले. मग तुम्ही घड्याळाची टिकटिक ऐकता तसे ऐकू लागले. म्हणजे ऐकत नव्हते.

रुग्णालयाच्या सगळ्या चादरी आमच्याकडे येत. त्या पाझराच्या पाण्यासारखे धुण्याचे पाणी दुसरीकडे नव्हते. पण एका वर्षी चादरी पिवळट निघू लागल्या. आत्यांनी आधी मला धरले. "तुझ्या हाताला माती असते का गं?" मग साबणाला शिव्या दिल्या, मग गाडीवर चादरी पोहोचवणाऱ्या माझ्या नवऱ्याला. शेवटी त्यांनी पांढऱ्या वाडग्यात पाझराचे पाणी भरून ठेवले. सकाळी बघतात तो तळाला तोंडाला लावायच्या पावडरीसारखा मऊ थर.

"अहो," त्या मामांना म्हणाल्या, "पाण्यात माती येते."

"मातीचं धरण आहे," मामा म्हणाले. "त्यातून काय साखर येणार?"

"थट्टा सुचते! माझ्या चादरी बघा जरा."

"ठीक आहेत की."

"माझं मेलीचं ऐकतंय कोण!"

आणि कुणी ऐकत नाही म्हटल्यावर त्यांनी पदर खोचला. दगडांखालून पाणी निघते तिथेच, धुलाईघराच्या मागच्या भिंतीला टेकून, त्यांनी एक हौद बांधून घेतला. तळाला खडे, वर जाड वाळू, त्यावर बारीक वाळू, आणि सगळ्यात वर जुनी चादर घडी करून पसरलेली. वर पत्र्याचे छप्पर. पाझराचे पाणी वरून त्या हौदात पडे, वाळूतून गाळून खाली उतरे, तिथून आमच्या खळबळायच्या टाकीत येई, आणि टाकी भरून सांडलेले पाणी चरातून मामांच्या खाचेकडे जाई. पाणी असे, की टाकीच्या तळाशी पडलेली टाचणी दिसावी. चादरी पुन्हा पांढऱ्या शुभ्र. रुग्णालयातून शाबासकी आली. आत्यांनी ती ऐकली आणि म्हणाल्या, "शाबासकी देतात, पण बटणं तुटलेले अंगरखे पाठवायचे काही सोडत नाहीत."

आता गाळणी म्हटली की ती तुंबणारच. वरच्या चादरीवर गाळ साचे, तो खरवडून काढावा लागे. सुरुवातीला हे काम कधीमधी निघे. मग दर महिन्याला निघू लागले. मग दर आठवड्याला. आणि दर खरवडीला आत्यांचा तोफखाना. "आज पुन्हा घमेलंभर! हे धरण आहे की कुंभाराचं अंगण? मागच्या खेपेपेक्षा जास्तच आहे. अहो, ऐकता का?" मामा गवत कापत असत. मी पिळत असे. घमेले भिंतीमागे रिकामे होई. तिथे ढीग वाढत गेला, आणि ढिगावर आपोआप एक भोपळ्याचा वेल आला. त्याला असे भोपळे लागत, की दोघांनी उचलावे. आम्ही खाऊन खाऊन कंटाळलो. मग आत्यांनी रिवाजच केला: दारात येईल त्याला भोपळा. टपालवाला, दूधवाला, रस्ता चुकलेला माणूस, कुणी सुटत नसे.

वर्षातून दोनदा धरण तपासायला साहेब येत. साहेब येणार कळले की मामा अंगणात उभे राहून जाहीर करत, "साहेब येणारेत, आवरा!" मग आम्ही आवरत असू. अंगण झाडायचे, पायऱ्यांच्या दगडांना चुना लावायचा, दोरीवरचे फाटके कपडे आत घ्यायचे, आणि गाळणी धुऊन तिच्यात नवी वाळू भरायची. पाहुणा यायचा म्हणजे घर कसे लख्ख हवे. साहेब येत, धरणावर फेरी मारत, खाली खाचेपाशी वाकत.

"पाणी गढूळ येतं का कधी?"

"छे साहेब," मामा म्हणत. "बघा ना, काचेसारखं."

साहेब बघत. काचेसारखेच असे. मामा खोटे बोलत नव्हते हो. त्यांना जे पाणी विचारले त्याच पाण्याचे ते सांगत होते. साहेब मान डोलवत, भोपळा घेत, जात.

हसू नका. तुमच्या घरी पाहुणा यायचा असतो तेव्हा उंबऱ्यातला चिखल तुम्ही दाखवायला ठेवता का?

असे चालले होते, आणि मग साहेबांच्या जागी एक इंजिनीअर बाई आल्या. वयाने माझ्याहून लहान, पायात चिखलाचे बूट, आणि नाकावर राग. आल्या तेव्हाच वैतागलेल्या होत्या. धरणाच्या दुरुस्तीसाठी त्यांनी कचेरीत तीनदा सांगितले होते आणि तिन्ही वेळा "पुढच्या वर्षी बघू" ऐकून घेतले होते. त्या धरणावर आमच्या साहेबांसारख्या फेरी मारून खाली आल्या नाहीत. त्या वाकून, गुडघ्यावर बसून, काठीने टोचत चालल्या. माथ्यावर एका जागी त्यांना खळगा दिसला. खोल नव्हता, बशीसारखा. त्याच्या बरोबर खाली, धरणाच्या पोटातून, कालव्याला पाणी नेणारी जुनी मोरी जाते.

"हा कसला खळगा?"

"गुरं बसतात तिथे, मॅडम," मामा म्हणाले.

"गुरं रोज त्याच जागी बसतात?"

"गुरांची सवय असते, मॅडम."

"आणि तुमची?" त्या पुटपुटल्या. मामांना ऐकू आले नाही, मला आले.

खाली येऊन त्या खाचेपाशी बराच वेळ बसल्या. ओंजळीत पाणी घेऊन उन्हात धरले. मग वैतागून झटकून टाकले. "पाणी स्वच्छ आहे म्हणजे आतली माती जागेवर आहे. मग वर खळगा कसा? काहीतरी जुळत नाही. आणि जुळत नाही म्हणून सांगितलं तर कचेरीतले म्हणणार, तुम्हाला काहीच जुळत नाही." त्या गाडीत जाऊन बसल्या. गाडी सुरू केली.

इथे देवाने काय केले बघा. देवाने आत्यांना भोपळ्याची आठवण करून दिली.

आत्या धापा टाकत भोपळा पोटाशी धरून आल्या. "थांब गं पोरी! हा घेऊन जा. नाही म्हणू नकोस, नाहीतर मलाच खावा लागतो."

इंजिनीअर बाई त्या वैतागातही हसल्या. "अबब! मावशी, खत काय घालता?"

"खत कसलं डोंबलाचं! गाळ आहे तो. दर आठवड्याला उपसून उपसून कंबर मोडली माझी. आता तर चार दिवसांवर आलंय. घरात धडधाकट माणसं आहेत, पण माझं मेलीचं ऐकतंय कोण!"

"कुठला गाळ, मावशी?"

"कुठला म्हणजे? पाण्यातला!"

"पाणी तर काचेसारखं आहे."

"आहे ना! का आहे? मी गाळते म्हणून आहे!"

गाडी बंद झाली. इंजिनीअर बाई उतरल्या, त्यांनी छपराखालची गाळणी बघितली, वरची चादर उचलली, मग भिंतीच्या मागे गेल्या. ढीग त्यांच्या छातीएवढा होता. त्यांनी वेल बाजूला केला, मूठभर माती घेतली, बोटांत चोळली. वर धरणाकडे बघितले. पुन्हा ढिगाकडे.

"ही सगळी पाण्यातून आली?"

"सगळी कसली! सुरुवातीची तर ओढ्यात टाकली."

त्या तिथेच, पानांमध्ये, ढिगावर बसल्या.

"मावशी," त्या म्हणाल्या, "स्वच्छ पाझर म्हणजे धरणाचा घाम. घामाला कुणी भीत नाही. पण पाझराबरोबर माती येते तेव्हा धरण आतून पोखरतं. बाहेरून आत, बाहेरून आत, उंदराच्या बिळासारखं, तलावाच्या दिशेनं. ज्या दिवशी ते बीळ तलावाला भिडेल त्या दिवशी धरण राहणार नाही. नुसतं पाणी. आधी तुमचं घर, मग गाव." मग त्यांचा तोल सुटला. "रोगी खोकतोय, रक्त पडतंय, आणि तुम्ही सगळे डॉक्टर यायच्या आधी रुमाल धुऊन ठेवताय!"

आत्या मामांकडे वळल्या. मामा पांढरे पडले होते.

"साखर येणार का म्हणालात ना?"

"अगं, पण पाणी..." मामा म्हणाले. "पाणी तर स्वच्छ होतं."

मला वाटले आता आकाश कोसळणार. पण आत्या काहीच बोलल्या नाहीत. घरात गेल्या आणि गप्प बसून राहिल्या. माझ्या संसारात पहिल्यांदाच आमच्या घरात कटकट नव्हती, आणि मी तुम्हाला शपथेवर सांगते, मला इतकी भीती कधी वाटली नाही.

थोड्या वेळाने त्यांनी इंजिनीअर बाईंना एकच विचारले, "मग आता काय करायचं?"

"तलाव उतरवायचा. पाणी सोडून द्यायचं, मग धरण खणून दुरुस्त करायचं."

"आणि हा पाझर?"

"आटेल."

"मग आम्ही धुणार कशात?"

इंजिनीअर बाईंनी दोरीवरच्या चादरींकडे बघितले. उत्तर सगळ्यांना ठाऊक होते.

तलावाचा दरवाजा मोठ्या साहेबांच्या हुकमाशिवाय इतका उघडता येत नसे. इंजिनीअर बाईंनी आमच्याच ओसरीवरून त्यांना फोन लावला. आम्हाला एकाच बाजूचे ऐकू येत होते. "हो सर... नाही सर, आधीच्या तपासणीत स्वच्छ होतं कारण... गाळणी सर... नाही, चहाची नाही... हो, भोपळा म्हणाले मी..." फोन ठेवून त्यांनी कपाळावर हात मारला. बागांना फळ धरले होते, अशा वेळी पाणी सोडायचे म्हणजे बागवाले अंगावर येणार, म्हणून साहेब स्वतः बघायला येणार होते. आणि ते पुढच्या आठवड्यात.

"तोपर्यंत?" मी विचारले.

"तोपर्यंत मी धरणाला सांगते, थांब बाई, साहेबांना वेळ नाही."

त्या आठवडाभर रोज येत आणि पाझरापाशी बसत. आत्या त्यांना रोज दोन घास खायला घालत आणि खाताना ओरडत, "चाव जरा, गिळतेस काय!"

दरम्यान बागवाल्यांचे अध्यक्ष आले. माणूस वाईट नव्हता. त्याची झाडे त्याने लेकरांसारखी वाढवली होती. ओसरीवर बसून तो मामांना गोडीने म्हणाला, "ठीकठाक, इतकी वर्षं उभं आहे, दोन महिन्यांत काय पडतंय? फळ उतरू द्या, मग खुशाल सोडा पाणी. साहेब येतील तेव्हा नेहमीसारखं आवरून ठेवा म्हणजे झालं." आणि आत ऐकू जाईल अशा आवाजात, "वहिनींचं धुलाईघर पण आहे. पाणी गेलं की तेही गेलंच."

हे सगळे खरे होते. म्हणूनच ते टोचले.

साहेब यायचे त्या दिवशी सकाळी मामा उठले, अंगण झाडले, दगडांना चुना लावला, आणि खोरे व नव्या वाळूचे पोते घेऊन गाळणीकडे गेले. मला वाटत नाही त्यांनी काही ठरवून केले. हात आपोआप तिकडे गेले. गाळणीच्या कठड्यावर आत्या बसल्या होत्या.

"ऊठ, गाळणी धुवायची आहे."

"नाही."

"अगं, साहेब येणारेत."

"म्हणूनच नाही."

मामांनी पोते खाली ठेवले. "पाणी गेलं तर पुढे काय, विचार केलास? ही दोरी, ही टाकी, हे सगळं तू उभं केलंस. कुणाच्या दारात जाणार आहोत?"

"मी काय दुधखुळी आहे? माझं काय जाणार ते मला ठाऊक नाही? तुम्ही सांगणार?" आत्यांचा आवाज चढला, आणि खरे सांगते, तो ऐकून मला बरे वाटले. "गावातल्या घराघरातलं अंथरूण माझ्या हातून गेलंय. कुणाचं लेकरू रात्री ओलं करतं, कुणाची म्हातारी खिळून आहे, मला सगळं माहीत आहे. त्या घरांवरून पाणी गेलं, तर मी पांढऱ्या चादरी कुणासाठी वाळत घालू? आणि इतकी वर्षं मी घसा कोरडा केला. आज कुठे ऐकायला माणूस येतोय, आणि नेमकं आज मी तोंड मिटू?"

मामा उभे राहिले. मग पोते उचलून परत नेले.

आत्यांनी मला हाक मारली. आम्ही दोघींनी गाळणीतली वाळू उपसून बाहेर फेकली, अगदी तळाच्या खड्यांपर्यंत. पाझराचे पाणी तसेच्या तसे टाकीत येऊ लागले. त्यात आत्यांनी रुग्णालयाच्या धुतलेल्या चादरी टाकल्या.

"आत्या, अहो, त्या द्यायच्या आहेत!"

"पुन्हा धुवू."

"कशात?"

त्यावर त्या हसल्या. आत्यांना मोठ्याने हसताना मी तेव्हाच पाहिले.

मोठे साहेब दुपारी आले. चकचकीत बूट, बरोबर अध्यक्ष. इंजिनीअर बाई त्यांना सरळ खाचेपाशी घेऊन गेल्या. खाचेतून पातळ चहासारखे पाणी पडत होते.

"वर जनावरं उतरली असतील तलावात," अध्यक्ष म्हणाले.

"तलावातलं पाणी निळं आहे," इंजिनीअर बाई म्हणाल्या. "जाऊन बघा."

"मग पाऊस झाला असेल कुठेतरी."

"पाऊस झालेला नाही."

"वाऱ्यानं पण माती उडते, मॅडम."

इंजिनीअर बाईंनी डोळे मिटून घेतले. मला वाटते त्या मनात आकडे मोजत होत्या, नाहीतर शिव्या.

तेवढ्यात आत्यांनी टाकीतून एक चादर उपसली. दोन्ही हातांनी पसरून साहेबांच्या पुढे धरली. पांढऱ्या चादरीवर मातीचे ओघळ उठले होते. पाणी ठिबकून साहेबांच्या बुटांवर पडले, ते मागे सरकले.

"ही सकाळी पांढरी होती," आत्या म्हणाल्या.

"बाई, धुण्याचा प्रश्न वेगळा आहे," साहेब म्हणाले. मग मामांकडे वळले. "तुम्ही इथले जुने. आजवर प्रत्येक तपासणीत पाझर उत्तम, असं तुम्हीच सांगत आलात. तुमचं काय म्हणणं आहे?"

अध्यक्षांच्या चेहऱ्यावर समाधान पसरले. ठीकठाकला विचारले म्हणजे उत्तर मिळाल्यातच जमा. ते गाडीकडे एक पाऊल वळलेही.

मामांनी खाचेकडे बघितले. मग आत्यांच्या हातांकडे. पाण्यात राहून राहून ते हात सुरकुतलेले होते, आणि ओल्या चादरीच्या वजनाने खाली झुकत होते. मामांनी पुढे होऊन चादरीचे एक टोक आपल्या हातात घेतले.

"ठीक नाही, साहेब."

"काय?"

"ठीक नाही. मी तुम्हाला गाळलेलं पाणी दाखवत आलो. मला कळलं नाही. हिला कळत होतं, आणि मी गवत कापत होतो."

साहेबांचे मी वाईट सांगणार नाही. ते बूट चिखलात घालून रिकाम्या गाळणीपर्यंत गेले, भिंतीमागे गेले, ढिगापुढे उभे राहिले. एक ढेकूळ उचलून बराच वेळ हातात धरून होते. परत आले तेव्हा अध्यक्ष काही बोलायला गेले, त्यांना हातानेच थांबवले. "दरवाजा उघडा," ते मामांना म्हणाले. "आजच."

आता तुम्हाला वाटेल, इथे आत्यांची कटकट संपली. पाणी सावकाश सोडायचे होते. घाईने उतरवले तर धरणाची आतली ओली बाजू घसरते, असे इंजिनीअर बाईंनी बजावले. आत्या दरवाजापाशी उभ्या राहून म्हणत, "एवढी बोंब मारली आणि आता चमच्यानं काढताय का?" इंजिनीअर बाई तितक्याच जोरात म्हणत, "मावशी, चादर पण हळूच पिळता ना? नाहीतर फाटते!" दोघींचे फार जमले. जगात दोनच माणसे पुरेशी चिडलेली आहेत, असे दोघींनाही वाटत असावे.

तलाव उतरला. पाझर बारीक झाला, मग धागा झाला, मग दगड नुसते ओले राहिले, मग तेही वाळले. आत्या रोज सकाळी जाऊन त्या दगडांवर हात ठेवत. बागांतली बरीच झाडे त्या वर्षी वाळली. अध्यक्षांनी आमच्या दारावरून जाताना मान फिरवायला सुरुवात केली, आणि गावात काही घरांनी आमच्याशी बोलणे सोडले.

मग धरण खणले. मोरीच्या अंगाला, खळग्याच्या बरोबर खाली, आत पोकळी सापडली. इंजिनीअर बाई तिच्यात वाकून शिरल्या आणि आत बसू शकल्या. बाहेर आल्या तेव्हा केसांत माती होती. आत्यांनी त्यांना पाणी दिले.

"मावशी," त्या म्हणाल्या, "तलावाच्या बाजूला नुसती सायीएवढी माती उरली होती."

त्या दिवशी संध्याकाळी अध्यक्ष आले. आत न येता अंगणातच उभे राहिले. आत्यांनी त्यांच्या हातात भोपळा दिला आणि म्हणाल्या, "आता उभे काय राहिलात, जड आहे तो."

धुलाईघर बंद झाले. आम्ही गावात, रुग्णालयाच्या मागच्या खोल्यांत राहायला गेलो. तिथे नळ होता आणि धुण्याचे यंत्र. आत्या यंत्रापुढे स्टूल टाकून बसत आणि त्याच्या काचेतून आत बघत म्हणत, "नुसतं गरगर फिरून काय धुणार हे? डोकं फिरेल त्या चादरीचं." दुरुस्ती पुरी झाली तेव्हा इंजिनीअर बाई आम्हाला मुद्दाम धरणावर घेऊन गेल्या. पायथ्याला, धरणाच्या अंगालाच लागून, वाळू आणि खड्यांचे थर घातले होते. "बघा मावशी, तुमचीच गाळणी. फक्त जागा बदलली. इथे ती माती अडवते, पाणी तेवढं बाहेर सोडते."

आत्यांनी वाकून चिमूटभर वाळू घेतली. "जरा जाड आहे."

"मुद्दाम आहे!"

"असेल बाई. माझं मेलीचं ऐकतंय कोण."

मामांचे मात्र एक झाले. त्यांनी ठीक आहे म्हणणे सोडले. ताट पुढे ठेवून "कसं झालंय?" विचारले तर ते घास घेत, थांबत, विचार करत. आत्या कावून म्हणत, "साधं जेवण विचारलं तरी आता तपासणी करतात!"

आत्या जाऊन बरीच वर्षे झाली. शेवटच्या दिवसांत मी त्यांच्या खालची चादर बदलत होते. डोळे मिटलेले होते, मला वाटले झोप लागली. तर हात चादरीवरून फिरला आणि म्हणाल्या, "नीट पिळली नाहीस." मी म्हणाले, "हो आत्या, उद्या नीट पिळते." त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. समाधान झाले असावे, असे मी धरून चालते.

आता उठा, पाय आखडले असतील. जाता जाता एवढेच मागते. घरी गेल्यावर पेला भराल, उजेडात धराल, आणि पाणी अगदी काचेसारखे दिसेल, तेव्हा माझ्या सासूबाईंची आठवण काढा. देवमाणूस होत्या वगैरे म्हणू नका, त्यांना ते पटायचे नाही. नुसते म्हणा, ऐकलं हो, आत्या.